चढ आला की उतरायचं

आमचं गाव कुरवंडे सोडलं त्या दिवशी भांडी गाडीतून गेली आणि मी गाडीमागून चालत. उतार होता. "ब्रेकवर भार नगं," असं आमच्या ह्यांचं म्हणणं. चढ आला की इंजिनावर भार नको, म्हणून पुन्हा उतरा. ह्यांची पांढरी अँबॅसिडर लोणावळ्यात टुरिस्ट फिरवायची. टुरिस्ट बसून जायचे, घरची माणसं चालायची.

आम्ही बेगडेवाडीला चाळीत आलो. ह्यांना कंपनीत ड्रायव्हरची नोकरी लागली. चाळ गेली, फ्लॅट आला, लिफ्ट आली. रिटायर झाल्यावर ह्यांनी गाडी मुळापासून नवी केली. पत्रा, रंग, सीटा, इंजिन, सगळं. तरी कुरवंड्याला जाताना चढाखाली मला उतरवायचेच. गुडघे दुखायला लागल्यावर मी जायचंच सोडलं, लांब पडतं म्हणायचे.

हे गेले. मला गाडी चालवता येत नाही, आणि उभी गाडी कुजते. म्हणून विकायला काढली. पहिल्या दोघांना ती हॉटेलच्या दारात शोभेला ठेवायची होती. त्यांना चहा पाजला आणि वाटेला लावलं. तिसरे तळेगावचे शाळामास्तर, बायकोला घेऊन आलेले. त्यांना रोज चालवायची होती. हे गिऱ्हाईक मला सोडायचं नव्हतं. मीच म्हटलं, कुरवंड्याच्या चढावर घालून बघा.

चढ आला आणि मी सवयीनं म्हणाले, "थांबवा, मी उतरते."

मास्तरांच्या बायकोनं नवऱ्याकडं पाहिलं. "मावशी, चढत नाही का गाडी?"

"चढती की. आमीच उतरतो."

"पण का?"

मी दाराला हात घातला. मास्तरांनी चावी फिरवून गाडी बंद केली. "इंजिनात काही असेल तर आत्ताच सांगा."

सौदा मोडतोय हे मला कळलं. पण खरं सांगते, माझ्या डोक्यात भलतंच आलं होतं. माणसं बसवून ही हा चढ चढते का? मी कधी पाहिलंच नव्हतं.

"चालू करा," मी म्हणाले, "बघूच."

चढली. दुसऱ्या गिअरवर, कुरकुर न करता. मी आधी काचेतून रस्ता बघत होते, मग मागं वळून बघितलं. एवढासाच चढ होता.

मास्तरांची बायको हसत सुटली. "मावशी, तुम्हाला उगाच चालवलं हो इतकी वर्षं!"

"व्हय की." राग आला. पण नवल त्याहून जास्त वाटलं.

वर पोचल्यावर सौदा ठरला, गाडी मास्तरांना दिली. ह्यांना भाऊ म्हणणारी जुनी शेजारीण सखूबाई ओट्यावरूनच ओरडली, "भाऊंची गाडी न्हवं ही? आन तू आतनं कशी उतरलीस गं?"

मास्तर मला बेगडेवाडीला सोडतो म्हणाले. मी त्यांना जा म्हटलं आणि सखूबाईकडं जेवायला थांबले.

गाव सोडलेल्या बायांनो, घर कुठलं असं कुणी विचारलं तर मी अजूनही बेगडेवाडीच सांगते. माझं अंथरूण तिथं आहे. पण कुरवंडे लांब पडतं असं आता म्हणत नाही. महिन्यातून एकदा जाते. रिक्षावाला चढाला गिअर बदलतो, मी बसून राहते.