दोरीवरच्या चुका

माझी वहिनी गणित शिकवते, मी शेजारच्या वर्गात चित्रकला. तिला नावं ठेवायला मला घर आणि शाळा अशा दोन जागा मिळतात आणि मी एकही सोडत नाही. पण तिच्या दोरीला पुढे पुढे मी हसेनाशी झाले.

ती दोरी कपडे वाळत घालायची, तिच्या वर्गाच्या भिंतीला बांधलेली. ज्याचं गणित चुकेल त्याने ते कागदावर लिहून चिमट्याने दोरीला लावायचं आणि चुकताना डोक्यात काय चाललं होतं ते सगळ्यांना सांगायचं. सांगून झालं की टाळ्या. पहिल्या दिवशी मी पोट धरून हसले होते. पण वही कोरी ठेवून बसणारी मुलं हळूहळू पुढे यायला लागली आणि चुकता चुकता त्यांना गणितं सुटायला लागली. त्यांत सगळ्यांत पुढे चिमणी. पूर्वी वर्गात नुसतं तिचं नाव घेतलं तरी तिला रडू फुटायचं. आता ती चुकली की ऐकायला मीसुद्धा दारात थांबायचे.

दोरीचा बोलबाला झाला आणि शिक्षण खात्याचे मोठे साहेब चार शाळांचे शिक्षक घेऊन बघायला आले. खुर्च्या कमी पडल्या, म्हणून मी माझ्या वर्गातल्या आणून मागे उभी राहिले. वहिनीने फळ्यावर गणित घातलं: बाग बारा मीटर लांब, आठ मीटर रुंद, चारी बाजूंच्या कुंपणाला तार किती लागेल? आणि घाबरून लांबी-रुंदीचा गुणाकार करून मोकळी झाली.

चिमणी आनंदाने उठली. कागद आणि चिमटा तिच्या हातात तयारच होता.

"बाई, हे तर आतल्या जागेचं झालं. तार कडेने लागते ना? तुमची चूक लावू दोरीवर?"

वहिनीने साहेबांकडे पाहिलं.

"खाली बस," ती म्हणाली. "मी मुद्दाम चुकले. तुमचं लक्ष आहे का बघत होते."

साहेब या युक्तीवर बेहद्द खूश झाले. चिमणी मुकाट्याने बसली. वहिनीचा पडलेला चेहरा तिने पाहिला होता, मीही पाहिला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी जाताना आम्ही दोघी भलत्याच विषयांवर बोललो.

दुसऱ्या दिवशी एका मुलाचं गणित चुकलं. वहिनीने दोरीकडे बोलावलं, तर तो म्हणाला, चूक मुद्दाम केली. त्याच्या शेजारचीही तेच म्हणाली. कोणी चेष्टा करत नव्हतं. शेवटी चिमणी. वही हाताने झाकून तीही म्हणाली, "मुद्दाम केली, बाई."

मधल्या सुट्टीत वहिनी माझ्याकडे मोठा कागद मागायला आली. "सगळ्यांची भीड घालवली आणि स्वतःची तेवढी जपली," म्हणाली. लाजेने तिला माझ्याकडे बघवत नव्हतं.

सुट्टीनंतर तिने कुंपणाचं गणित त्या कागदावर लिहून दोरीला लावलं आणि सगळ्यांसारखी शेजारी उभी राहिली. मी दारातून ऐकत होते.

"ही मुद्दाम नव्हती," ती म्हणाली. "साहेब हसतील असं डोक्यात होतं. म्हणून खोटं बोलले, आणि चिमणीला गप्प बसवलं."

टाळ्या वाजल्या नाहीत. चिमणी दोरीपाशी आली, कागद नीट वाचला.

"साहेबांना सांगितलंत?"

"नाही."

"मग टाळ्या नंतर वाजवू, बाई," चिमणी म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली.