पहिल्या शेताला मेसेज गेला नाही

गेल्या उन्हाळ्यात चोपडा मार्गावरच्या पहिल्या शेतकऱ्याला केळी कापणीचा मेसेज लागोपाठ दोन फेऱ्या गेला नाही. मेसेज पाठवणारा प्रोग्रॅम मी लिहिला होता.

जळगावातल्या एका केळी व्यापाऱ्याच्या कार्यालयात मी प्रोग्रॅमर आहे. फॉक्सप्रो ही प्रोग्रॅमिंगची जुनी भाषा मी धुळ्यात शिकलो आणि इथलं सगळं काम त्याच भाषेत केलं. नव्या संगणकांवर ते नीट चालेना, तेव्हा मालकांनी सगळं पायथॉन या नव्या भाषेत आणायचं ठरवलं आणि एक तरुण प्रोग्रॅमर नेमली. तिनं मला शिकवावं, असं ठरलं होतं. कापणीच्या मेसेजचा भाग मी एकटा बदलीन, असं मी तिला सांगितलं.

आमचा ट्रक आधी सातपुड्याच्या पायथ्याशी, टोकाच्या शेतात जातो आणि भरत भरत चोपड्याकडे येतो. म्हणून यादीत टोकाचं शेत कायम पहिलं. आदल्या दिवशी सगळ्यांना मेसेज जातो. ज्याचं 'हो' येतं, त्याच्याच शेतात कापणीची टोळी उतरते. झाडावर पिवळा पडलेला घड उत्तर भारतात जाणाऱ्या गाडीत चढवत नाहीत, त्यामुळे फेरी चुकून चालत नाही.

दुसरी फेरी चुकली तेव्हा टोकाच्या शेताचे आबा कार्यालयात आले. खुर्ची दिली, बसले नाहीत.

"बठ्ठासले मेसेज उना. मालेच कसा नही उना?"

"सगळ्यांना आला आणि तुम्हालाच नाही, म्हणजे फोन बंद राहिला असेल तुमचा, आबा."

"लाव बरं."

मी नंबर लावला. त्यांच्या खिशात आरती वाजू लागली. दारातले हमाल हसले.

"वाजना ना? आते बोल. मना माल झाडवर पिकी ऱ्हायना."

मी नेटवर्कबद्दल काहीतरी बोलू लागलो. तोवर त्या तरुण प्रोग्रॅमरनं तिच्या संगणकावर माझा प्रोग्रॅम उघडला होता. ती माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "सर, इथं मोजणी शून्यापासून असते. तुम्ही एकपासून सुरू केलीय. पहिलं नाव घेतलंच जात नाही."

फॉक्सप्रोत पहिल्याचा क्रमांक एक असतो. पायथॉनमध्ये तो शून्य असतो, हे मी पहिल्याच आठवड्यात वाचलं होतं. प्रोग्रॅम लिहिताना यादीच्या शेवटी एरर येत होती. मी शेवटचा आकडा एकानं कमी केला, एरर गेली. सुरुवातीकडे पाहिलं नाही. चाचणी घेताना माझा नंबर यादीच्या मध्यावर टाकला होता. मला मेसेज आला होता.

"काय म्हनस ती?" आबांनी विचारलं.

ती तिच्या संगणकाकडे परत गेली. माझे कान तापले होते. हमाल अजून दारातच होते.

"चूक माझी आहे, आबा. प्रोग्रॅममध्ये."

"फोननी नही ना?"

"नाही."

"मंग तसं सांगानं व्हतं," ते म्हणाले आणि टोळी कधी येणार ते विचारलं. मालकांनी उद्याची सकाळ सांगितली. दुरुस्ती एका आकड्याची होती. ती मी तिच्यासमोर केली आणि तपासायला तिच्याकडे दिली.

सकाळी टोळी आबांच्या शेतात उतरली. हिरवे घड ट्रकमध्ये भरले. पिवळे पडलेले बांधावर ठेवले. ते ट्रकमध्ये घेतले नाहीत.