विलासची ट्रेसिंगची फाइल

विलास आज सकाळी गेला. आणि मी त्याच्याशी खोटं बोललो होतो.

नव्वदच्या दशकात बहरीनमध्ये, बुसैतीनला आम्ही रूममेट. तो अकोल्याचा, अदलियातल्या एका ऑफिसात ड्राफ्ट्समन. मी रत्नागिरीचा, क्लार्क.

शुक्रवारी मी जुम्म्याची नमाज पढून यायचो, तेव्हा विलाससाहेब टीव्हीला नाक लावून बसलेले असायचे. बाब अल बहरीनच्या मागच्या बाजारातल्या दुकानातून भाड्याने आणलेली जपानी ॲक्शन कार्टूनची कॅसेट. मोठ्या माणसांची कार्टून. रक्त, बंदुका, कोसळणाऱ्या इमारती.

"लहान पोरांसारखं काय बघतोस रे?"

"गप बस बे मुनाफ, अन् बघ. मारामारीच्या आधी काहीच हलत नाही. फक्त खिडकीचा पडदा. भीती अशी काढतात."

तो पॉज करायचा, स्क्रीनवर ट्रेसिंग पेपर चिकटवायचा आणि भराभर पेन्सिल चालवायचा. कारण पाच मिनिटांत व्हीसीआर आपोआप पॉज सोडायचा.

फुटलेल्या काचेच्या प्रत्येक तुकड्यात वेगळा दिवा. धूरसुद्धा हाताने काढलेला. त्याने दाखवेपर्यंत मला नुसता धूर दिसायचा.

मग त्याने स्वतःचं सुरू केलं. मुहर्रकच्या पुलावरून पळणारा माणूस, मागे एकेक करून फुटणारे दिवे. दोन वर्षं. जाडजूड फाइल झाली.

मी लीव्हवर निघालो तेव्हा ती माझ्या हातात दिली.

"मुंबईत एक कार्टून स्टुडिओ आहे, तिथे देशील? जमलं तर मी कायमचा परत जाईन."

एअरपोर्टवर सामानाचं वजन जास्त भरलं. तिथेच फरशीवर बॅग उघडली. बहिणीच्या लग्नाचं सामान, ब्लँकेट, दूध पावडरचे डबे. एकही काढवेना.

फाइल काढली.

कचऱ्याच्या डब्याशेजारी ठेवली. टाकली नाही, ठेवली, असं विमानात स्वतःला सांगत राहिलो.

परत आलो तर हा दारातच उभा.

"जय भीम, मुनाफ. काय म्हणाले?"

"बघून कळवतो म्हणाले."

सहा महिने तो ऑफिसच्या पोस्ट बॉक्सची चावी खिशात घेऊन फिरला. रोज ठरवायचो, आज सांगू. माझी हिंमत झाली नाही.

एका शुक्रवारी त्याने कॅसेट न बघताच परत नेऊन दिली.

"खलास रे. आपलं काम बरं नसणार."

त्यानंतर ट्रेसिंग पेपर कधी रूमवर आला नाही. रिटायर होईपर्यंत तो बाथरूमच्या पाइपलाइनी काढत राहिला.

आज त्याच्या मुलीचा फोन आला. रडत होती.

"अंकल, पपा ऑल्वेज सेड त्यांची ड्रॉइंग्ज रिजेक्ट झाली. तुम्ही पाहिली होती ना? वेअर दे एनी गुड?"

"फार छान होती बेटा," एवढंच म्हणालो आणि फोन ठेवला.

बेटा, तू हे वाचशील म्हणून लिहितोय. ती कुणी रिजेक्ट केली नाहीत. ती माझ्याशिवाय कुणी बघितलीच नाहीत.

तुझा बाप ग्रेट होता. हे त्याला सांगायचं काम माझ्याकडे दिलं होतं.

विलास, माफी मागायला उशीर झाला.

जय भीम, दोस्ता.