पाणी बदललं त्या दिवशी

"मावशी, तुमची पाळी तर नाही ना चालू?"

सगळ्यांसमोर विचारलं. मी स्विमिंग टँकच्या कडेला उभी होते, डोक्यापासून पायापर्यंत ओली. सलवारीतून पाणी गळत होतं. ओढणी पाण्यातच राहिली होती. माझ्या पायाशी सत्तरीच्या मॅडम कुशीवर पडून खोकत होत्या. दोन मिनिटांपूर्वी त्या टँकच्या तळाशी होत्या आणि मी उडी मारून त्यांना वर काढलं होतं. मी त्यांचा श्वास बघत होते. सोसायटीच्या सेक्रेटरीबाई माझी सलवार बघत होत्या.

मला आधी प्रश्नच कळला नाही. वाटलं, कुठे लागलं का असं विचारतायत. मग त्यांच्या नजरेवरून कळला.

"नाही," मी म्हणाले.

उत्तर दिलं, याची मला अजून लाज वाटते. असल्या प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं. पण वर्षानुवर्षं दुसऱ्याच्या दारात काम केलं की विचारल्याबरोबर तोंड आपोआप उघडतं. मी चौतीस वर्षांची. सेक्रेटरीबाई पन्नाशी ओलांडलेल्या. तरी मी त्यांची मावशी. तिथे झाडू हातात असलेली प्रत्येक बाई मावशीच असते.

नाशिक रोडवरून गोदावरीकडे उतरलं की काठावर तीन टॉवर दिसतात. तिथे मी दोन वर्षं कामाला होते. क्लब हाऊस, जिम, योगा हॉल, म्हाताऱ्यांना बसायला कट्टा, नदीच्या कडेने जॉगिंग ट्रॅक, आणि निळ्या फरशांचा हा टँक. सकाळी अकरा ते बारा बायकांची बॅच. त्या तासाला टँकवर बाईमाणूस पाहिजे म्हणून मला ठेवलेलं. कागदावर मी लाइफगार्ड. बाकी वेळ पोछा, काचा आणि क्लोरीन.

भिंतीवर नियमांची पाटी होती. त्यात एक नियम असा, की कर्मचाऱ्यांनी पाण्यात उतरू नये. म्हणजे लाइफगार्डनेही उतरायचं नाही. माझ्या हातात एक लांब काठी आणि एक रबरी रिंग. कोणी बुडायला लागलं तर काठी पुढे करायची, बुडणाऱ्याने ती धरायची. आणि नाही धरली तर? हे मी मॅनेजरला पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"मावशी, पाच फूट पाण्यात कोण बुडतंय?" तो हसला.

बुडतात. पाच फुटांत काय, गुडघाभर पाण्यातही माणूस मरतो. हे त्याच्या कोर्समध्ये शिकवलं नसेल. माझ्या घरात शिकवलं होतं.

आम्ही भोई. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो, सगळं नाशिक म्हणतं. कोणी बुडालं की पोलीस माझ्या बापाला हाक मारायला यायचे. बाप जेवत असला तरी ताट सरकवून उठायचा. कधी जिवंत माणूस वर यायचा, बहुतेक वेळा नाही. बापाने माझ्या चौथ्या वर्षी माझ्या पाठीला वाळलेला भोपळा बांधला आणि मला पाण्यात ढकललं. दिवाळीनंतर पाणी ओसरलं की आम्ही गंगेच्या पात्रात खड्डे करायचो, शेणखत भरायचो, टरबूज-काकडीचं बी टोचायचो. उन्हाळ्यात पहिलं फळ निघालं की ते गंगेत सोडायचं. त्याआधी पोराबाळांनीसुद्धा तोंडात घालायचं नाही.

पात्रातली वाडी कोणाच्या सातबाऱ्यावर चढत नाही. काठावरच्या आमच्या अठरा घरांचाही कागद नव्हता. टॉवर आले तेव्हा कागद मागितला गेला. नव्हता, म्हणून आम्ही नाल्यापलीकडे पत्र्याच्या खोल्यांत गेलो. आणि मी माझ्याच जुन्या अंगणात काचा पुसायला परत आले.

त्या काचांमध्ये एक काच क्लब हाऊसमधली. तिच्याआड मोठा बोर्ड होता, 'आपल्या परिसराचा इतिहास'. लिहिलेला याच मॅडमनी. कॉलेजात इतिहास शिकवून रिटायर झालेल्या. सुरुवातीला लिहिलं होतं की राम, लक्ष्मण आणि सीता याच काठाने गेले. मग एक वाक्य: 'त्यानंतर शतकानुशतके हा परिसर निर्मनुष्य होता.' आणि लगेच टॉवर, बाग, टँक, सगळ्या सुविधांची यादी. रामायण संपलं की थेट बिल्डर. मधे माणूसच नाही.

एकदा मी धीर करून म्हणाले होते, "मॅडम, इथे आमची घरं होती."

त्या गोड हसल्या. "असतील गं. पण इतिहासात पुरावा लागतो."

आयत्या बिळावर नागोबा आणि वर मुंगीलाच पुरावा मागतो. हे मी मनात म्हणाले. तोंडाने "हो मॅडम" म्हणाले आणि फडकं पिळलं.

त्या दिवशी मॅडम खोल टोकाला एकट्या होत्या. बाकीच्या चौघी पायऱ्यांवर बसून कोणाच्या तरी सुनेबद्दल बोलत होत्या. मॅडमचं डोकं पाण्याखाली गेलं. आवाज नाही, हात नाही. खरा बुडणारा ओरडत नाही, त्याच्याकडे ओरडायला हवा उरलेली नसते. मी काठी पुढे केली. काठी त्यांच्या खांद्याला लागली तरी त्यांनी ती धरली नाही.

मी काठी टाकली आणि उडी मारली. पाटी आठवली नाही, नोकरी आठवली नाही. मागून काखेत हात घालून त्यांना वर आणलं, कडेला ढकललं, पालथं करून पाणी काढलं. चौघी किंचाळत होत्या. किंचाळणं ऐकून सेक्रेटरीबाई धावत आल्या. आल्या आणि त्यांनी मला तो प्रश्न विचारला.

मॅडमना दवाखान्यात नेलं. साखर एकदम उतरली होती, दुसऱ्या दिवशी घरी आल्या. मला घरी जायला सांगितलं, ओले कपडे घालून लॉबीतून जाऊ नका, मागच्या जिन्याने जा, असं बजावून.

सकाळी कामावर गेले तर टँक रिकामा होत होता. मॅनेजर कडेला उभा होता.

"कमिटीचं ठरलंय. पाणी बदलायचं."

"का?"

"तुम्ही कपड्यांसकट उतरलात ना. लोकांनी ग्रुपवर विचारलं. हायजीनचा प्रश्न आहे."

हायजीन. अख्ख्या वर्षात ते पाणी एकदाही पूर्ण बदललं नव्हतं. त्यात पोरं मुततात, मोठेही मुततात. क्लोरीन मी टाकते, मला वास कळतो. तेव्हा कोणाच्या ग्रुपवर काही आलं नाही. मी दोन मिनिटं पाण्यात होते तर टँक उपसला. माझी जात कोणी विचारली नाही, कोणी उच्चारलीही नाही. आता जात हायजीनचा ड्रेस घालून येते.

"आणि हे घासून घ्या," मॅनेजर म्हणाला. "ॲसिड दोनदा मारा म्हणाल्यात बाई."

"मी?"

"तुमचंच काम आहे ना मावशी."

मी शिडीने खाली उतरले. हो, उतरले. खोटं कशाला सांगू? घरात माझाच पगार पक्का. नवरा कंपनीत ठेक्यावर, आज बोलावतात, उद्या नाही. मी ब्रश घेतला आणि घासायला लागले. डोळ्यांत ॲसिडची वाफ जात होती. पाणी बाटलं माझ्यामुळे, आणि माझा विटाळ घासून काढायचा तोही मीच. हा हिशोब डोक्यात फिरत होता तरी हात चालू होता. तासभर चालू होता.

मग वर सावली पडली. सेक्रेटरीबाई आणि दोघी जणी. मी खड्ड्यात, त्या काठावर. माझ्याशी नाही, मॅनेजरशी बोलल्या.

"त्या कोपऱ्यात जास्त घासून घ्या हं. ती तिथे उतरली होती."

हात थांबला. मी ठरवून थांबवला नाही, तो थांबला.

"बाई," मी खालून म्हणाले, "मी तिथे उतरले कारण तिथे मॅडम मरत होत्या."

"अहो, ते ठीक आहे. त्याबद्दल थँक्यू म्हटलंय आम्ही. पण नियम सगळ्यांना सारखे."

गरज सरो, वैद्य मरो. इथे तर वैद्याकडूनच फरशी घासून घेत होते. मी ब्रश खाली ठेवला. पगाराची तारीख डोळ्यांपुढे होती, हेही सांगते. वाघीण वगैरे काही नव्हते मी.

"मी घासणार नाही."

"मग उद्यापासून येऊ नका," मॅनेजर म्हणाला.

"उद्या कशाला? ही मी चालले." शिडी चढून आले. तिघी दोन पावलं मागे सरल्या, मी अंगाला लागेन म्हणून.

घरी आई भाकऱ्या थापत होती. तिने आधी मलाच झापलं. "घासलं आस्तं तर हात झडले आस्ते का तुहे? उद्या काय खाशील?" मग मी तिला कोपऱ्याचं सांगितलं. तिने थापलेली भाकरी परातीतच सोडली. तवा नुसताच तापत होता.

"तुह्या बापानं गंगेतून मढी काढली," ती म्हणाली. "फुगलेली, नासलेली. गंगा कुनी उपसून टाकली का गं? हे लोक लय सोवळे हायेत का?"

चौथ्या दिवशी मॅडमनी वॉचमनच्या हाती साडी आणि पेढे पाठवले. मी ते तसेच उचलले आणि गेटवर गेले. मॅडम स्वतः खाली आल्या, हे त्यांचं मोठेपण म्हणायचं तर म्हणा.

"अगं, घे ना. तू माझा जीव वाचवलास."

"साडी नको मॅडम. तुमच्या बोर्डावर निर्मनुष्य लिहिलंय, तो शब्द काढा. तुम्हाला पाण्यातून काढणारी इथलीच आहे. अजून कसला पुरावा पाहिजे?"

त्यांनी मान खाली घातली. "ते इतकं सोपं नाही गं. कमिटीला विचारावं लागेल."

मी उडी मारताना कमिटीला विचारलं नव्हतं. तसं मी त्यांना म्हणाले. पिशवी वॉचमनच्या खुर्चीवर ठेवली आणि नदीच्या बाजूने घरी निघाले.

जॉगिंग ट्रॅकच्या खाली, शोभेच्या झुडपांच्या मागे, मांडीएवढा जाड पाइप आहे. तिन्ही टॉवरचं घाण पाणी त्यातून सरळ गंगेत पडतं. बोर्डावरच्या सुविधांच्या यादीत सांडपाणी शुद्ध करायचं यंत्र आहे, मी रोज पुसायचे ती ओळ. पाइपातून पडत होतं ते मात्र काळं, फेसाळ, साबणाचं आणि गुवाचं. हा वास आमच्या खोल्यांना रोजचाच. नाल्याचा वास म्हणून आम्ही दार लावून घ्यायचो. एवढी वर्षं मी नाकाला ओढणी लावली आणि हे पाणी कोणाचं असं एकदाही विचारलं नाही. ही माझी चूक. त्या दिवशी मी पाइपाजवळ उभी राहिले आणि माझं डोकं फिरलं. माझ्या अंगाने यांचं पाणी बाटतं. आणि यांचा संडास माझ्या गंगेत.

घरून पाच लिटरचा कॅन आणला. पाइपाखाली धरून भरला. सोमवारी सकाळी, गाड्या ऑफिसला निघायच्या वेळी, मेन गेटसमोर मधोमध ठेवला आणि झाकण काढलं. वॉचमनने नाक धरलं. मला हटवायला तो पुढे आला, पण कॅनला हात लावेना. सेक्रेटरीबाईंची गाडी थांबली. काच चार बोटं खाली आली.

"काय आहे हे?"

"पाणी आहे, बाई. माझं अंग लागलं म्हणून तुम्ही तुमचं पाणी बदललं. हे तुमच्या अंगाचं आहे. आता आमचं बदला."

"पोलिसांना बोलवू का?"

"बोलवा. त्यांनाही हुंगवायचंय."

काच वर गेली. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या. मी हलले नाही. पाठीमागे बघितलं तर आई आली होती, आणि आमच्या आळीतल्या सात-आठ बायका. त्या येऊन कॅनच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहिल्या.

महापालिकेत अर्ज दिला आहे. त्याखाली अठरा घरांची नावं लिहिली आहेत, ज्यांना सही येत नाही त्यांचे अंगठे आहेत. पोच घेतली आहे. साहेब म्हणाले, बघू. बघा सावकाश. तोवर दर सोमवारी गेटवर एक कॅन येईल. मला माफी नको, सत्कार नको, नोकरी परत नको. तो पाइप बंद झाला पाहिजे, आणि होईपर्यंत त्यांच्या गाड्या त्यांच्याच वासातून जातील.

आज रविवार आहे. कॅन भरून दारात ठेवलाय.