आधी वहिनीचं

आमच्या आत्याचं महिनाभर कुणाशी ना कुणाशी वाजलेलं असायचं. दूधवाला, शेजारीण, चर्चमधला पेटी वाजवणारा, कुणाची म्हणून सुटका नाही! पण चर्चमध्ये प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा रविवार जवळ आला, की आदल्या शनिवारी ही बाई इस्त्रीची साडी नेसून नाशकातल्या आमच्या शरणपूर भागात घराघरात माफी मागत फिरायची. "मनात अढी ठेवून त्या भाकरीला हात लावायचा नाही," म्हणायची. आता माफी मागता मागता एखादं नवं भांडण उकरून यायची, ती गोष्ट वेगळी. मग पुन्हा चपला घालायची.

एकदा तर ऐन उपासनेत, पाळकसाहेबांनी भाकर मोडायला घेतली आणि आत्या ताडकन उठली. पंचवटीतल्या भाजीवालीला आदल्या दिवशी "काटा मारतेस" म्हणाली होती, ते तिला तिथे आठवलं. रिक्षा करून थेट बाजारात! भाजीवाली बिचारी गांगरली. "लय झालं बाई, अशी माफी कोन मागतं का? रडू नका, मेथी घ्या." आत्या परतली तेव्हा चर्च रिकामं झालं होतं. प्रभुभोजन हुकलं, पण मेथीची जुडी छातीशी धरून बाई अशी खुलली होती, की विचारू नका.

तिचं शेवटचं प्रभुभोजन घरीच झालं, गेल्या वर्षी. अंथरुणाला खिळलेली, आणि सगळं करणार माझी आई. वैतागाच्या भरात आत्या तिला म्हणाली होती, "मी कधी मरते, याचीच वाट बघतेस तू." त्यानंतर आई तिला भरवायची, पुसायची, पण एक शब्द बोलत नव्हती.

पाळकसाहेब भाकर आणि प्याला घेऊन आले. आत्यानं पुढे केलेला हात मागे घेतला.

"घ्या बाई, प्रभू क्षमा करतो," ते म्हणाले.

"प्रभूचं मी बघते. आधी वहिनीचं."

आई कणकेच्या हातांनी दारात आली.

"वहिनी, फार वाईट बोलले मी. दुखण्यावर ढकलत नाही, जीभच माझी वाईट. तू नाही म्हणालीस तर मी घेणार नाही."

आईनं पदराला हात पुसले. "सरका तिकडे, वन्सं," म्हणाली आणि पलंगावर बसली.

दोघींनी भाकर घेतली. प्याला आईनंच आत्याच्या ओठांना लावला. आत्यानं डोळे मिटले, हात जोडले. बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले.

"पाळकसाहेब, द्राक्षरस आंबट होता हो. नाशकात राहून असली द्राक्षं?"

"झालं!" आई हसता हसता डोळे पुसत म्हणाली, "आता त्यांची माफी मागा."

आणि आत्यानं, खुदुखुदु हसत, मागितली.