बारकीची तीन कारणं

चौथीनंतर शाळेचं तोंड न पाहिलेला तो माणूस. तरी सगळे त्याला मास्तर म्हणत, कारण कपडे शिवणाऱ्याला तसंच म्हणायची रीत. लेकीच्या वहीत बाईंनी 'स्वतःचं मत लिही' असा शेरा मारला, तेव्हा मात्र त्यानं खरंखुरं मास्तरपण अंगावर घेतलं.

पद्धत दुकानातलीच. बारकीनं माप आखायच्या खाकी कागदावर मत लिहायचं, त्याखाली एकेक कारण चिठ्ठीवर लिहून टाचणीनं टोचायचं. मास्तर मशीन थांबवून विचारायचा, "कशावरून?" स्वतः पाहिलेलं सांगता आलं तर चिठ्ठी राहायची, नाहीतर चिंध्यांत जायची.

"गृहपाठ नकोच."

"कशावरून?"

"सगळे म्हणतात."

"सगळ्यांच्या मापाचा सदरा तुला घालू का गं?"

बारकी खुदकन हसायची, चिठ्ठी उपटायची. वर्षभरात ती इतकी तयार झाली की गिऱ्हाइकंसुद्धा तिच्यासमोर जपून बोलायची. आई नसलेल्या त्या घरात बापलेकीचा तेवढाच खेळ होता.

रविवारी मास्तरची बहीण आली. चहा संपला तरी विषय काढेना. शेवटी बारकीनंच खाकी कागद मशीनवर पसरला. वर लिहिलं होतं : मी आत्याकडे राहून शिकावं.

पहिली चिठ्ठी : 'इथे मला बसायला जागा नाही. कापायची फळी रिकामी झाली तरच अभ्यास होतो.'

दुसरी : 'कामाची घाई असली की बाबा दिवसभरात मला फक्त "कशावरून" एवढंच विचारतात.'

तिसरी : 'बाबा म्हणतील, मी एकटा पडेन. पण ते आत्ताही एकटेच असतात. मी नुसती शेजारी बसलेली असते.'

मास्तरनं तिसरी चिठ्ठी दोनदा वाचली.

"कधीपासून चाललंय हे?"

"दोन महिने झाले, दादा," बहीण म्हणाली. "शाळेचा फॉर्म भरलाय. तुझी सही तेवढी राहिलीय."

"दोन महिने! आणि माझ्यासमोर बसून गृहपाठाची मतं टोचत होतीस?"

"तुम्ही कच्चं कारण ठेवत नाही ना," बारकी हळूच म्हणाली. "म्हणून आत्याकडून आधी तपासून घेतली. तीपण विचारते, कशावरून."

मास्तरनं खाकी कागद मशीनवरून बाजूला सारला.

"जायचं नाही."

"कारण, बाबा?"

"कारणबिरण काही नाही. बाप आहे मी तुझा."

बारकीनं वाद घातला नाही. तिनं फक्त आत्याकडे पाहिलं, बाबा हेच म्हणणार असं आत्यानं आधीच सांगून ठेवल्यासारखं.