वाईट तेवढं सांगा

नाथाजी म्हसवडकडचा. फौजेत गाड्या दुरुस्त करून आला आणि सांगलीच्या एका इंजिन कारखान्यात चिकटला. बहात्तरच्या दुष्काळानंतर कारखान्यानं विहिरीवर बसवायचं एक नवं, हलकं इंजिन करायला घेतलं. बाजारात काढण्याआधी ते चार शेतकऱ्यांच्या विहिरींवर चालवून बघायचं ठरलं. गावोगाव फिरून शेतकऱ्यांचं ऐकायचं आणि कारखान्यात येऊन सांगायचं, हे काम नाथाजीला मिळालं. तिकडची बोली त्याला कळते, एवढ्याचसाठी.

मोठे इंजिनिअर सहस्रबुद्धे साहेब तऱ्हेवाईक, पण सरळ माणूस. "नाथाजी, कौतुक मला नको. वाईट तेवढं सांगा," असं ते दर खेपेला बजावायचे.

पण वाईट सांगणार कोण? आमच्याकडची माणसं मुलखाची भिडस्त. इंजिनाला हळदकुंकू वाहिलेलं, नारळ फोडलेला, वर कंपनीचा माणूस दारात पाहुणा. त्याला चहा पाजायचा आणि त्याच्याच यंत्राला नावं ठेवायची, हा आगाऊपणा कुणाला जमतोय! ही भीड एक दिवस आम्हाला बुडवणार आहे. जो तो म्हणे, "लय ब्येस हाय." नाथाजी हे ओळखून होता. तो इंजिनापाशी बसून इकडचं तिकडचं बोलत राहायचा, मग कुणीतरी हळूच सांगायचं की तेल गळतं, धूर फार होतो. ते साहेबांच्या कानावर जायचं आणि पुढच्या खेपेला दुरुस्त व्हायचं. या कामाची त्याला गोडी लागली होती.

चारांतलं एक इंजिन त्यानंच खटपट करून धाकट्या बहिणीच्या, बनाबाईच्या विहिरीवर बसवलं होतं. एकदा गेला तर तिचा नवरा सिद्धू मनगटाला फडकं बांधून बसलेला. काय झालं विचारताच तो उठून मेंढरांकडे निघून गेला. शेवटी बनाबाईनंच सांगितलं. इंजिन सुरू करायला फिरवायचा दांडा, ते सुरू झालं की सुटून हातात यायला हवा. तो कधीकधी अडकतो, इंजिनाबरोबर गरगर फिरतो आणि जोरात फटका देतो.

"पर दादा, कंपनीत सांगू नगंस. मशीन माघारी न्हेत्याल. आवंदा कुटं घरात जुंधळं यायची आशा हाय."

दुष्काळात याच बहिणीला नाथाजीनं रस्त्यावर खडी फोडताना पाहिलं होतं. साहेबांनी नेहमीसारखं विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "तक्रार काय न्हाई, साहेब." त्याच्या शब्दावर साहेबांचा भरवसा होता. इंजिन बाजारात गेलं.

पुढच्या वर्षी कवठे महांकाळकडच्या एका वस्तीवर नाथाजी दुरुस्तीला गेला. गुंडा नावाचा तरणा शेतकरी पडवीत बसला होता. उडालेल्या दांड्यानं त्याचा एक डोळा गेला होता. त्यानं शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यानं आधी चहा सांगितला आणि म्हणाला, "मशीन ब्येस हाय वो. माजाच हात चुकला."



सांगलीत परतल्यावर त्यानं साहेबांना सगळं सांगितलं, बहिणीच्या नावासकट. साहेब ओरडले नाहीत. "तेवढंच सांगायचं होतंत हो," एवढंच म्हणाले. विकलेली इंजिनं परत बोलावून दुरुस्त करून दिली. चाचणीची इंजिनं मात्र कारखान्याचीच. ती खोलून तपासायला कायमची उचलायची ठरली, आणि बनाबाईकडचं आणायला नाथाजीलाच पाठवलं. घर त्याच्या माहितीचं ना!

इंजिन ट्रकमध्ये चढेपर्यंत ती विहिरीपाशी उभी होती. ज्वारी पोटऱ्यात आली होती, कणसं बाहेर पडायची होती, अजून दोन पाणी हवी होती.

"बने, एका माणसाचा डोळा गेला गं," नाथाजी म्हणाला.

"लय वाईट झालं," ती म्हणाली. "पर म्या भावाला सांगितलं हुतं. कंपनीच्या माणसाला न्हवतं."

पुढं भाऊबीजेला तिचं बोलावणं कधी आलं नाही, आणि आपण होऊन जायला नाथाजीला तोंड उरलं नव्हतं.